कपाची बस्करं

कुणाकडं गेले आणि चहा पुढं आला, की मी आधी कपाखाली बघते. ही सवय माझ्या लेकीला आवडत नाही. मागं तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडं बावधनला आम्ही बारशाला गेलो होतो. मी कप बाजूला ठेवून खालची चकती उलटी करून पाहिली, तशी लेक दातांतल्या दातांत म्हणाली, "आई, किंमत बघतेस का?" किंमत नाही बाई. मी काळी लोकर बघते, आणि जमलंच तर तिच्यातली बोटभर पांढरी रेघ. चोवीस बस्करं अजून बाहेर आहेत. इतक्या वर्षांत त्यांतलं एकही मला दिसलं नाही, पण बघायचं काही सुटत नाही.

बस्कर म्हणजे बसायला टाकतात ते लहानसं जाडसर आसन. कपाला बसायला आसन, म्हणून कपाचं बस्कर. हे नाव कोळवणच्या हिराआक्कानं ठेवलं. नीलाताई त्याला कोस्टर म्हणायच्या. मी दोघींचं ऐकून दोन्ही म्हणायची. तेव्हा मी पंधराची असेन. सहावीतून शाळा सुटलेली, तीही कुणी सोडवली म्हणून नाही, मेंढरांच्या मागं चालता चालता ती आपोआप मागं राहिली. आमचं गाव माणदेशातलं. तिकडं चारा संपला की दिवाळीनंतर आप्पा, म्हणजे माझा बाप, मेंढरं घेऊन निघायचा. मजल दरमजल करत मुळशीच्या बाजूनं घाट उतरून खाली कोकणात, आणि पावसाच्या आधी परत वर. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि मागनं आई आणि मी.

त्या वर्षी कोळवणच्या खोऱ्यात तळ पडला होता आणि मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, पाय उचलेनात. भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात आमचा तळ, आणि बांधापलीकडं नीलाताईंचं घर. नीलाताई पुण्यातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर एकट्याच तिथं येऊन राहिलेल्या. त्या आपणहून तळावर आल्या. आईला म्हणाल्या, "ही चालणार नाही. हिला इथं ठेवा, बरी झाली की न्या." आई रडायला लागली. आप्पानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, माझ्या अंगावर घातलं आणि ते चारी बाजूंनी असं खोचलं, जसं थंडीत जन्मलेल्या कोकराला खोचतात. ते घोंगडं नवं होतं. आमच्याच मेंढ्यांची लोकर, आईनं कातलेली, गावच्या सणगरानं विणलेली. सगळं काळंभोर, फक्त चारी काठांना बोटभर पांढरी रेघ. ती रेघ पांढरी नावाच्या एकाच मेंढीच्या लोकरीची होती. आप्पाकडं जुनं एक होतं, चाळणीसारखं. ते पांघरून तो घाट उतरला.

मी बरी झाले, पण नीलाताईंनी मला लगेच सोडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. तिथं रोज भात होता. गरम, वाफेचा, इंद्रायणीचा, ज्याचा वास दारातच पोटात शिरायचा. आमच्याकडं भात सणाला. तिथं निजायला एकच जागा होती, रोज तीच. सकाळी जाग आली की कालचंच छप्पर दिसायचं, आणि मला त्याचं इतकं बरं वाटायचं की मी डोळे मिटून पुन्हा उघडायची. नीलाताई मला दुपारी वाचायला बसवायच्या. आज मी हे लिहितेय ते त्यांच्यामुळं. पण मन सारखं धास्तावलेलं असायचं. कप फुटला, दूध उतू गेलं, की वाटायचं, आता म्हणतील, जा तुझ्या घरी. त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण भीतीला पुरावा लागत नाही.

उन्हाळ्यात आप्पा एकटाच एसटीनं मला बघायला आला. मी घोंगडं घडी करून पुढं केलं. तो म्हणाला, "र्‍हाऊ दे. हितं पाऊस लई असतोय म्हनं. दिवाळी झाली की खाली उतरताना नेतो. तवर तुज्याकडं." आणि जाताना घडीवर हात फिरवून म्हणाला, "सुले, उनात टाकत जा मातर."

मी त्याचं घोंगडं उन्हात टाकायची. उघडीप मिळाली की पहिलं तेच. आणि नीलाताईंचं गाठोडं राहून गेलं.

गाठोड्याचं असं होतं. नीलाताईंनी जुनी घोंगडी विकत घेऊन ठेवलेली होती. त्यांचे चौकोन कापायचे, लोकरीचा एक थर खाली, एक वर, मध्ये सुती कापडाचा पातळ थर, आणि गोधडीला घालतो तसे बारीक धावदोऱ्याचे टाके चौकोनात चौकोन घालत आत न्यायचे. पंजाएवढं एक बस्कर. हिराआक्का शेजारच्या वस्तीवरची, गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारी खोऱ्यात दुसरी नव्हती. ती शिवताना बोलायची आणि बोलताना शिवायची. "मानसाला निजायला धड गोधडी न्हाई आन् हितं कपाला गादी! उद्या म्हनतील बशीला उशी शिव." नीलाताई हसायच्या. त्यांच्या ओळखीच्या एका ऑफिसानं त्या वर्षी दिवाळीला आपल्या माणसांना हातची भेट द्यायची म्हणून पंचवीस खोकी सांगितली होती. एका खोक्यात चार. म्हणजे शंभर बस्करं. एवढं मोठं काम नीलाताईंना पहिल्यांदाच मिळालं होतं. त्या पुण्याला गेल्या की खोक्याचा कागद, फीत, असलं काहीबाही घेऊन यायच्या आणि लहान मुलीसारखं आम्हाला दाखवायच्या.

पाऊस सरल्यावर हिराआक्कानं आणि मी गाठोडं सोडलं. वर कडुनिंबाचा पाला घालायचा होता, मधून मधून ऊन द्यायचं होतं. ते काम माझं होतं. गाठ सोडली आणि आतून धूळच निघाली. लोकर खाणारी कसर लागली होती. घोंगडं उचललं की हातात भोकं यायची आणि बाकीचं खाली गळायचं. हिराआक्कानं चिमटीत धरून फुंकलं. "सुले," ती म्हणाली, "ह्ये आता वाऱ्याचं झालं." नीलाताई तेव्हा दोन दिवस पुण्यात होत्या.

त्या दोन दिवसांत मी काय केलं ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. हिराआक्का घरी गेल्यावर मी आप्पाचं घोंगडं अंथरलं. खडूनं रेघा मारल्या. मला वाटलं होतं कात्री लावताना रडू येईल, तसं काही झालं नाही. डोक्यात एकच होतं, शंभर व्हायला हवीत. आप्पाला दुसरं घेता येईल, नीलाताईंनी घालवलं तर मी कुठं जाऊ, असा सगळा हिशेब त्या वयात मी उभ्या उभ्या करून टाकला. नवं घोंगडं जड असतं, कात्री कुरकुरते. काठाकडचे चौकोन सुंदर आले, पांढऱ्या रेघेचे. नीलाताई आल्यावर त्यांना मी सांगितलं, "गाठोड्यात एक चांगलं निघालं." त्यांनी एक चौकोन उजेडात धरला आणि म्हणाल्या, "किती सुंदर रेघ आहे गं ही. ही वरच्या बाजूला ठेव." हिराआक्का माझ्याकडं बघत राहिली. तिनं ते घोंगडं वाळत घातलेलं रोज पाहिलं होतं. ती त्या दिवशी एक शब्द न बोलता शिवत होती, आणि तेवढ्यानं मला ताप चढल्यासारखं झालं.

शिवून झाल्यावर नीलाताईंना एकच खोट दिसली. बस्करं मऊ पडत होती, कोपरे खाली मान घालत होते. आणि इथं मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडं घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे, म्हणजे चिकासारखी दाट पेज होते. ती लावली की सूत ताठ. आई सणगराला ती करून द्यायची. मी हिराआक्काकडून चिंचोके आणले, खळ शिजवली, कुंच्यानं शंभर बस्करांना पातळ हात दिला आणि सुपात वाळवली. दुसऱ्या दिवशी ती अशी ताठ झाली की टिचकी मारली तर वाजत होती. नीलाताईंनी मला जवळ घेतलं. "शाळा सोडली कोण म्हणतं हिनं?" असं म्हणाल्या. आयुष्यात मला एवढं कौतुक कुणी दिलं नव्हतं. मी ते घेतलं. कुणाच्या घोंगड्यावर घेतलं ते मला माहीत होतं.

खोकी गेली. एक बस्कर जास्तीचं झालं होतं, ते नीलाताईंनी घरात ठेवलं. दिवाळी झाली. आणि एका सकाळी खोऱ्याच्या तोंडाशी मेंढरांचा आवाज आला. तो आवाज लांबून पाणी सुटल्यासारखा येतो. मी चुलीपुढं होते. हातातली पळी तशीच राहिली.

आप्पा ओसरीवर आला. वाळला होता, मधूनच खोकत होता. नीलाताईंनी त्याला खुर्ची दिली, तो जमिनीवर बसला. चहा आला. नीलाताईंनी मोठ्या हौसेनं ते बस्कर त्याच्यापुढं ठेवलं आणि त्यावर काठोकाठ भरलेला कप. "बघा तुमच्या लेकीचं काम." चहा थोडा सांडून खाली मुरला. आप्पानं बशीत ओतायला कप उचलला, तर बस्कर कपाच्या बुडाला चिकटून वर आलं. गरम ओल लागली आणि खळ सुटली. त्यानं हलवलं, ते पडेना. त्यानं कप उंच धरून खालून पाहिलं. मग अंगठ्यानं ती पांढरी रेघ चाचपली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

मला वाटतं मेंढपाळाला आपली लोकर डोळे मिटून कळते. तो माझ्याकडं वळला. "बाप कपाखाली घातलास व्हय गं?" असं म्हणाला, आणि हसला. खोटं नाही, खरंच हसला, खोकला येईस्तोवर हसला. "आन् वर खळ बी लावलीस! अगं, खळ सुताला द्येत्यात. च्याला न्हाई."

नीलाताई त्याच्याकडं बघत होत्या, मग माझ्याकडं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. गाठोडं, कसर, खडू, कात्री. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता माझी पिशवी आणतील. त्या स्वतःचं जाडजूड ब्लँकेट घेऊन बाहेर आल्या, दुकानातलं, लालभडक, त्यावर वाघ. आप्पाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, चूक माझी आहे. मी हिला विचारलंच नाही की रेघ कुठून आली." आप्पानं ते नाकारलं नाही. घेतलं, कपाळाला लावलं. जाताना मला म्हणाला, "तू रडू नगं. पावसात भिजलीस न्हाईस न्हवं? मग झालं." वाघ पाठीवर टाकून तो मेंढरांच्या मागं ताम्हिणीकडं गेला. मेंढरं त्या लाल रंगाला बिचकत होती. पुढची दोन-तीन सारखी मागं वळून बघत होती.

घोंगड्यावर दंव पडतं आणि झटकलं की खाली जातं. ते ब्लँकेट दंव पितं. सकाळी ते ओलं, जड आणि गार असतं. हे मला माहीत होतं, नीलाताईंना माहीत नव्हतं, आणि मी त्या घटकेला बोलले नाही. त्यांनी एवढं चांगुलपण दाखवलेलं, त्यात मी काय खोट काढू? आजही मी रागावते ती कात्री चालवणाऱ्या पोरीवर फारशी नाही. ओसरीवर गप्प उभ्या राहिलेल्या पोरीवर रागावते.

आठवड्यानं ऑफिसातून फोन आला. कप उचलला की खाली चिकटून येतंय, टेबलावर डाग पडतायत, असं लोक म्हणत होते. नीलाताई फोनवर माफीही न मागता म्हणाल्या, "सगळी परत पाठवा. एकूण एक. मला ती हवीच आहेत." एकोणीस खोकी आली. सहा आली नाहीत. ती दिवाळीच्या सुट्टीत माणसांबरोबर गावाला गेली होती, कुणी लातूरला, कुणी जळगावला, कुणी त्याच्याही पलीकडं. आईला दिली, मावशीला दिली, आता परत कशी मागणार. खरं आहे त्यांचं.

मग आम्ही तिघी ओसरीवर बसलो. आधी कढत पाण्यात खळ काढली. तीन पाणी झाली तरी बोटांना बुळबुळीत लागायचं. मग टाके उसवायचे. मी एवढे जवळ जवळ घातले होते की सुईचं टोक शिरेना. नीलाताई चष्मा लावून उसवायच्या, आणि हिराआक्का त्यांना म्हणायची, "बाई, तुमी शिकवायचं काम करा, उसवायचं आमच्यावर सोडा. लोकर फाडताय." "फाडत नाही हो." "मग ह्ये काय, दाढी व्हय?" असं चालायचं. त्या दोघी माझ्यासाठी भांडत होत्या, मला हसू यावं म्हणून. चौकोन मोकळे झाले की ते एकमेकांना जोडायचे. सुती दोरा नको म्हणून हिराआक्का कुठून तरी लोकरीचं सूत घेऊन आली. दाभणानं बोटं सोलली. मार्गशीर्ष गेला. पौष लागला. रोज मी मनात म्हणायची, अजून चार ओळी, अजून तीन. हे खाली आप्पाकडं पोचलं की सगळं होतं तसं होईल.

शेवटची ओळ चालू होती तेव्हा घाटाखालच्या एका दुकानातून फोन आला. आप्पाला उठवत नव्हतं. छाती भरली होती. डॉक्टरांना दाखवलं होतं, सुया झाल्या होत्या, दवाखान्यात राहायला तो तयार नव्हता, मेंढरं सोडून.

हिराआक्का माझ्याबरोबर निघाली. एसटीत मी ते मांडीवर घेऊन बसले आणि घाटाच्या वळणावळणाला शेवटची ओळ जोडत राहिले. तळ आंब्याखाली होता. ऊन चांगलं वर आलं होतं. आप्पा पालाच्या तोंडाशी निजलेला, अंगावर तो वाघ, ओला. आईनं मला पाहिलं, पण उठली नाही. मी वाघ काढला आणि हे घातलं. चारी बाजूंनी खोचायला गेले, कोकराला खोचतात तसं. पण पुरेना. सहा खोकी परत आलेली नव्हती, शिवणीत थोडं गेलं होतं, धुऊन थोडं आटलं होतं.

आप्पानं डोळे उघडले नाहीत. हात मात्र आतून फिरवला. एका जोडावरून दुसऱ्या जोडावर, बोट अडखळत अडखळत. "जोड लई झाल्यात," तो म्हणाला. मग लोकर चिमटीत धरून म्हणाला, "पर लोकर आपलीच हाय." मी त्याला सांगायला आले होते की माझं चुकलं. ते मी सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. हिराआक्का म्हणते ऐकलं. ती म्हणणारच तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आमच्यात माणसाला त्याच्याच घोंगड्यात नेतात. भाऊबंद गोळा झाले, कुणीतरी विचारलं, "घोंगडं कुटं हाय त्येचं?" आणि मी ते जोडाजोडाचं पुढं केलं. माणसं त्याच्याकडं बघत राहिली. एक म्हातारा म्हणाला, "ह्ये आपुरं हाय पोरी. माजं घाला." तो स्वतःचं खांद्यावरून काढायलाही लागला. मी घोंगडं खाली ओढलं तर छाती उघडी पडली. वर ओढलं तर पाय. पुन्हा खाली ओढलं. माझे हात थांबेनात.

आईनं येऊन माझे हात धरले. घोंगडं गळ्यापर्यंत नीट वर घेतलं, पांढरी रेघ हनुवटीखाली आली ती सारखी केली, आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "न्हाई मामा, ह्येच घाला. आन् तू पाय झाकू नगंस गं. त्येंचे पाय कंदी झाकलेले हुते?"